इलेक्ट्रॉन देणारं प्लास्टिक



निमंत्रणपत्रिकेवर ‘वाहक पॉलिमर आणि धातूंचे नॅनोकण’ हा विषय वाचून काही मंडळींनी आज घरीच बसायचं ठरवलं असेल, तर त्यांना मी दोष देणार नाही. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. इतकी वर्षं इथे संतसाहित्य, इतिहास आणि अर्थसंकल्प यांवर भरपूर बोलून झालं आहे. तेव्हा एखाद्या संध्याकाळी या व्यासपीठाला प्रयोगशाळेचा वास लागला तर बिघडणार नाही.

सुरुवात फोटो स्टुडिओच्या डार्करूमपासून करू. पन्नाशीच्या पुढच्यांना ती आठवत असेल. लाल दिवा, ओळीने मांडलेले ट्रे, आणि डेव्हलपरमध्ये बुडवलेल्या पांढऱ्या कागदावर हळूहळू उमटणारा चेहरा. तो चेहरा चांदीचा असे. कागदावरच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असत. उजेड पडला की त्यातल्या काही स्फटिकांवर धातुरूप चांदीचे मोजके अणू तयार होत. इतके मोजके, की डोळ्यांना काहीच दिसत नसे. डेव्हलपर चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे त्यांचं क्षपण करतो. पण तो हे काम सगळीकडे सारख्या वेगाने करत नाही. जिथे चांदीचे चार अणू आधीच बसले आहेत तिथे पुढची चांदी झपाट्याने बसते, आणि बाकीचे स्फटिक मागे राहतात. फोटोग्राफीचं सगळं तंत्र या एका पक्षपातावर उभं होतं. तो पक्षपात लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे डेव्हलपर कोण होते? हायड्रोक्विनोन आणि मेटॉल ही नावं जुन्या फोटोग्राफरना पाठ असतील. त्यांच्या जोडीला, 1880 आणि 1890च्या दशकांत, मॉम्मे आन्ड्रेसन या रसायनशास्त्रज्ञाने पॅरा-फेनिलीनडायअमीन आणि पॅरा-अमिनोफेनॉल हे पदार्थ डेव्हलपर म्हणून पुढे आणले. 1891 साली बाजारात आलेला अॅग्फाचा ‘रोडिनाल’ त्यातूनच निघाला. अॅग्फा मुळात बर्लिनची अॅनिलिन रंगांची कंपनी. कापड रंगवायचे पदार्थ बनवणाऱ्यांच्या हाती फोटो धुण्याचे पदार्थ लागले हा योगायोग नव्हता. बेन्झीनच्या कड्याला अमीन गट जोडला की तो रेणू इलेक्ट्रॉन सोडायला राजी होतो. इलेक्ट्रॉन सोडल्यावर तो रंगीत होतो, आणि सोडलेला इलेक्ट्रॉन चांदीला मिळाला की चांदी काळी पडून दिसू लागते. रंगाचा आणि फोटोचा धंदा एकाच रसायनावर चालला होता.

आता असा विचार करा. हाच अमीन वर्गातला रेणू द्रावणात मोकळा न ठेवता एकापुढे एक जोडून त्याची लांब साखळी केली, तर? पाण्यात न विरघळणारा एक घन पदार्थ मिळेल आणि तो तरीही इलेक्ट्रॉन देऊ शकेल. अशा पदार्थाची पट्टी चांदीच्या किंवा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवली, तर धातू पट्टीवरच उतरेल. आजचा विषय एवढाच आहे. त्या साखळीचं नाव पॉलिअॅनिलिन.

हा पदार्थ नवा नाही. लंडन हॉस्पिटलच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे हेन्री लेथबी हे लंडन शहराचे आरोग्य अधिकारीही होते. नायट्रोबेन्झीनच्या विषबाधेची प्रकरणं त्यांच्याकडे आली होती आणि शरीरात त्याचं अॅनिलिन होतं का, हे त्यांना शोधायचं होतं. 1862 साली त्यांनी अॅनिलिनच्या आम्लधर्मी द्रावणातून वीज सोडली तेव्हा प्लॅटिनमच्या पट्टीवर निळसर-हिरवा थर बसला. त्यांच्या दृष्टीने ती विष ओळखायची एक खूण होती. या थरातून वीज वाहते, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात यायला शंभरावर वर्षं जायची होती.

प्लास्टिकमधून वीज वाहण्याची प्रसिद्ध कथा 1977ची, शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांची. पॉलिअॅसिटिलीनच्या चंदेरी पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. 2000 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कथा फार वेळा सांगून झाली आहे, म्हणून मी ती लांबवत नाही. पॉलिअॅसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे व्यवहारात ते मागे पडलं. मॅकडायर्मिड नंतर पॉलिअॅनिलिनकडे वळले, आणि 1980च्या दशकात लेथबींचा तो हिरवा थर पुन्हा प्रयोगशाळेच्या टेबलावर आला.

तो बनवायला फार सामग्री लागत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्सच्या कारखान्यात अनेक वर्षं अॅनिलिन तयार होत असे. ते ताजं असताना रंगहीन, तेलकट द्रव असतं. बाटलीत पडून राहिलं की तपकिरी होतं, म्हणून वापरण्यापूर्वी ऊर्ध्वपातन करून घ्यायचं. अॅनिलिन विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात शिरतं, म्हणून हातमोजे हवेतच. ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बीकर बर्फात ठेवायचा आणि अमोनियम परसल्फेटचं द्रावण हळूहळू ओतायचं. काही मिनिटं काहीच होत नाही, आणि नवखा विद्यार्थी वजन करताना आपलं काही चुकलं म्हणून घाबरतो. मग द्रावणावर फिकट निळी झाक येते, ती गडद होते, तापमान चढू लागतं आणि बघता बघता सगळं गडद हिरवं होऊन जातं. काचेच्या भिंतीवर एक पातळ थर चिकटतो. तो समोरून हिरवा दिसतो आणि तिरप्या उजेडात तांब्यासारखा चमकतो. बीकर धुताना तो सहज निघत नाही. त्याची ही चिवट सवयही शेवटी उपयोगी पडणार आहे.

पॉलिअॅनिलिनच्या तीन अवस्था मानतात. पूर्ण क्षपण झालेली फिकट, जवळजवळ रंगहीन, मधली हिरवी, आणि पूर्ण ऑक्सिडीकरण झालेली निळी-जांभळी. वीज वाहते ती फक्त मधल्या अवस्थेत, आणि तीही आम्ल सोबत असताना. हिरव्या पापुद्र्यावर अमोनियाचे थेंब टाकले की तो निळा पडतो आणि वीज वाहणं थांबतं. आम्लात परत बुडवला की पुन्हा हिरवा. फिकट अवस्थेकडून जांभळ्या अवस्थेकडे जाताना साखळी इलेक्ट्रॉन देत जाते.

कोणाला देते? इथे विभवाचे आकडे पाहावे लागतात. पाणी उताराच्या दिशेने जातं, तसे इलेक्ट्रॉन कमी विभवाच्या जोडीकडून जास्त विभवाच्या जोडीकडे जातात. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापाने सोन्याच्या क्लोराइडचा आकडा सुमारे 1.00 व्होल्ट, चांदीचा 0.80, तांब्याचा 0.34, जस्ताचा उणे 0.76. आम्लात पॉलिअॅनिलिनची फिकटपासून हिरव्यापर्यंतची पायरी ढोबळमानाने 0.4 व्होल्टच्या आसपास येते, आणि हिरव्यापासून जांभळ्यापर्यंतची 0.9 ते 1.0च्या दरम्यान. एवढ्या आकड्यांवरून बरंच कळतं. सोनं आणि चांदी हा पदार्थ उतरवू शकतो. तांबं आणि जस्त त्याच्या आवाक्यात नाहीत. सोन्याला दोन्ही पायऱ्यांवरून इलेक्ट्रॉन मिळतात, दुसरीवरून कसेबसे. चांदीला मुख्यतः पहिल्या पायरीवरूनच मिळतात, म्हणून चांदी हवी असेल तर पापुद्रा आधी फिकट करून घेतलेला बरा.

हिशेब इथेच करून टाकू. साखळीतल्या एका अॅनिलिन कड्याचं रेणुभारात माप सुमारे 91. फिकट टोकापासून जांभळ्या टोकापर्यंत दर कड्यामागे एक इलेक्ट्रॉन सुटतो. सोन्याच्या क्लोराइडमधला एक अणू धातुरूप व्हायला तीन इलेक्ट्रॉन लागतात, आणि सोन्याचा अणुभार 197. म्हणजे 91 ग्रॅम पॉलिमरमागे जास्तीत जास्त 66 ग्रॅम सोनं. एका ग्रॅममागे पाऊण ग्रॅमच्या आत. हिरव्या अवस्थेपासून सुरुवात केली तर त्याच्या निम्मं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात कांग, निओ आणि टान यांच्या गटाने 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात पॉलिअॅनिलिन आणि तसाच वाहक पॉलिमर पॉलिपायरॉल आम्लधर्मी सुवर्णद्रावणात टाकून नेमकं हेच तपासलं. द्रावणातलं सोनं आपोआप पॉलिमरवर उतरतं आणि आम्लात ही क्रिया बराच काळ चालू राहते, असं त्यांना दिसलं. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कचऱ्यातून सोनं काढण्याच्या कल्पनेला त्यामुळे जोर आला. अशा कचऱ्यात तांबं सोन्याच्या कैक पट असतं. आम्लात सगळं विरघळवलं तरी पॉलिमर तांब्याला हात लावत नाही.

पण आजचा विषय नॅनोकण आहे, सोन्याचा गाळ नव्हे. कणाचा आकार कोण ठरवतं?

डार्करूममधला पक्षपात आता कामी येतो. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर पहिले काही अणू बसले की ते पुढच्या अणूंसाठी जागा होतात. मोकळ्या डेव्हलपरच्या रेणूला त्या जागेपर्यंत पोहत जावं लागतं. पॉलिमर वाहक असेल, तर इलेक्ट्रॉन साखळीतून वाहत त्या जागेपर्यंत पोचतो. म्हणजे दूरच्या कोपऱ्यातल्या साखळीने दिलेला इलेक्ट्रॉनही आधीच बसलेल्या कणालाच पोसतो. परिणाम असा, की फार वाहक पापुद्र्यावर कण थोडे आणि मोठे होतात. शेकडो नॅनोमीटरचे, दाणेदार, वेडेवाकडे. पाच-दहा नॅनोमीटरचे सारखे कण हवे असतील तर वाहकता ही अडचण ठरते. या क्षेत्रातल्या बऱ्याच शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत वाहकतेचं कौतुक असतं आणि पुढे छायाचित्रांत बटाट्याएवढे कण दिसतात, त्याचं कारण हे आहे. शिवाय धातू उतरता उतरता पॉलिमर जांभळ्या अवस्थेकडे सरकतो, म्हणजे स्वतःची वाहकता गमावत जातो. धातू भरल्यामुळे पदार्थ जास्त वाहक झाला असेल हे गृहीत धरू नये, मोजून पाहावं.

याला उपाय दोन बाजूंनी निघाले. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सिंग-लिन वांग यांच्या गटाने पॉलिमरसोबतचं आम्लच बदलून पाहिलं. हायड्रोक्लोरिकऐवजी सायट्रिक, मँडेलिक अशी सेंद्रिय आम्लं वापरली की चांदीची रूपं बदलतात; कुठे गोल कण, कुठे पातळ पत्रे, कुठे पत्र्यांचे गोळे. सेंद्रिय आम्लाचा रेणू स्फटिकाच्या काही बाजूंना धरून बसतो आणि त्या बाजूंची वाढ रोखतो, असा याचा एक अर्थ लावता येतो. चांदीसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल टाळायला आणखी एक साधं कारण आहे. पॉलिमर नीट धुतला नसेल, तर उरलेलं क्लोराइड चांदीच्या आयनांना गाठतं आणि पापुद्र्यावर दह्यासारखा पांढरा सिल्व्हर क्लोराइड जमतो. क्षपण राहिलं बाजूला.

असे खडबडीत, पत्रेदार चांदीचे थर वाया जात नाहीत. 1928 साली रामन यांनी कोलकात्यात शोधलेला परिणाम फार क्षीण असतो. प्रकाशाच्या अगदी थोड्या भागाची तरंगलांबी बदलते. 1970च्या दशकात लक्षात आलं, की खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा हा संकेत लाखो पटींनी वाढतो. दोन कणांमधल्या अरुंद फटीत विद्युतक्षेत्र एकवटतं आणि तिथे अडकलेला रेणू ठळक बोलू लागतो. वांग यांच्या गटाला चांदीचे हे थर त्यासाठीच हवे होते. तिथे सगळे कण सारखे असण्याची गरज नाही. फटी भरपूर हव्यात.

दुसरा उपाय कॅलिफोर्नियात, रिचर्ड केनर यांच्या प्रयोगशाळेतून आला. अॅनिलिन तेलकट थरात आणि ऑक्सिडीकारक पाण्याच्या थरात ठेवून दोन थरांच्या सीमेवर साखळी वाढू दिली, की दाणेदार पावडरीऐवजी काही दशक नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळतात. असा तंतू स्वतःच इतका बारीक, की त्यात वाढणाऱ्या कणाला मोठं व्हायला वावच कमी. 2005 साली त्यांच्या गटाने सोन्याचे सूक्ष्म कण असलेल्या अशा तंतूंपासून स्मृतिघटक बनवला: विद्युतदाब सुमारे 3 व्होल्टपर्यंत चढला की त्याची वाहकता एकदम वाढते आणि दाब काढून घेतला तरी तशीच राहते. तंतूतले इलेक्ट्रॉन सोन्यावर जाऊन बसतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. दोन वर्षांनी त्याच तंतूंवर पॅलेडियमचे कण बसवून सुझुकी अभिक्रियेसाठी उत्प्रेरक तयार झाला. ही अभिक्रिया औषधनिर्मितीत रोज लागते आणि इथे ती पाण्यात घडवता आली. कण तंतूला चिकटून राहिले, त्यामुळे उत्प्रेरक गाळून परत वापरता येतो.

माझं मत इथेच सांगतो. या पद्धतीचा खरा उपयोग तिथे, जिथे धातू उतरल्यानंतरही पॉलिमरला काम उरतं: कणाला धरून ठेवायचं, त्याच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचवायचा, त्याला शेजाऱ्याशी चिकटू द्यायचं नाही. नुसते सुटे, लालबुंद सुवर्णकण हवे असतील तर टर्केविच यांनी 1951 साली दिलेली कृती घ्यावी. उकळत्या सुवर्णद्रावणात सायट्रेट टाका, काही मिनिटांत काम झालं. त्यासाठी पॉलिअॅनिलिन बनवत बसणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

‘हरित पद्धत’ हा शिक्काही जरा जपून मारावा. निबंधात लिहिलेलं असतं, की या पद्धतीत वेगळं क्षपणक लागत नाही. अक्षरशः ते खरं आहे. पण पापुद्रा फिकट करायला त्याच्या आदल्याच पायरीवर हायड्राझिन वापरलेलं असतं, आणि ते चांगलंच विषारी आहे. पापुद्रा ओतायला लागणारा द्रावकही निर्धोक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2000च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशी वापरून, तसंच जिरेनियमची पानं आणि गवती चहा यांच्या अर्कातून चांदी-सोन्याचे कण बनवले. त्या कामाला हा शब्द जास्त शोभतो. त्यांची अडचण वेगळी. पानाच्या अर्कात शेकडो रेणू असतात, आणि त्यातला कोण इलेक्ट्रॉन देतो, कोण कणाला झाकतो, हे सुटं करून दाखवणं कठीण. पॉलिअॅनिलिनमध्ये देणारा एकच, आणि त्याने किती दिलं हे रंगावरून कळतं.

प्रागच्या यारोस्लाव्ह स्टेयस्काल यांच्या गटाने सरळ मार्ग धरला: साखळी आधी बनवायचीच नाही, अॅनिलिन आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र ठेवायचे. चांदीने इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि त्याच देवघेवीत अॅनिलिनची साखळी व्हायची. गंमत अशी, की हे घडतं पण अतिशय मंद. आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबात. अॅनिलिनचा पहिला इलेक्ट्रॉन सुटणंच अवघड, आणि चांदीची ओढ तेवढी नाही. त्यात थोडं पॅरा-फेनिलीनडायअमीन टाकलं की गाडी रुळावर येते. आन्ड्रेसनचा तोच जुना डेव्हलपर.

विद्यार्थी समोर बसले आहेत म्हणून एक सूचना. सोन्याच्या किंवा चांदीच्या द्रावणाचा थेंब इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तांब्याच्या जाळीवर टाकू नका. मघाचे आकडे आठवा: तांबं 0.34, चांदी 0.80. न धुतलेल्या थेंबातल्या आयनांना जाळीचं तांबंच इलेक्ट्रॉन देतं आणि कण तयार होतात. मग छायाचित्रात जे दिसतं त्यातलं पॉलिमरने काय केलं आणि जाळीने काय केलं, हे सांगता येत नाही. नमुना पूर्ण धुऊन घ्या, किंवा सोन्याची जाळी वापरा.

शेवटी परत कचऱ्यातल्या सोन्याकडे. वापरून जांभळा झालेला पॉलिमर ताजा कसा करायचा? हायड्राझिन नको असेल तर विजेने करता येतो. पापुद्रा इलेक्ट्रोडवर असेल तर त्याला बॅटरीतून इलेक्ट्रॉन भरता येतात. यावर कोणीही हुशार सोनार विचारेल, की वीज लावायचीच आहे तर थेट मुलामा चढवू, पॉलिमर मध्ये कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि तारेच्या टोकाशी बसलेल्या पट्टीसाठी मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मात्र अॅनिलिनच्या भांड्यात सुती कापड बुडवून ठेवलं, तर बीकरच्या भिंतीवर बसतो तोच चिवट थर कापडाच्या प्रत्येक धाग्यावर बसतो. ते हिरवं कापड धुऊन तांबं आणि थोडं सोनं असलेल्या आम्लात सोडलं की सोनं धाग्यांवर येतं आणि तांबं द्रावणात राहतं. तिथे तार जोडावी लागत नाही. सोनं सुटं करायला मात्र आज तरी कापड जाळावं लागतं, त्यासोबत पॉलिमरही जातो. आणि एका ग्रॅममागे पाऊण ग्रॅमच्या आतला तो हिशेब पाहता, असं जाळणं परवडणं हे पॉलिमर किती स्वस्तात बनतो यावर अवलंबून आहे.